बेल्ट ‘जवळपास तेवढाच’ चालत नाही



दिवाळी झाली, निर्वाणलाडू चढवून झाला, घड्याळं एक तास मागे गेली. आमच्या बफेलोच्या बाजूला याचा अर्थ एवढाच की आता कधीही बर्फ पडेल. आणि दरवर्षीप्रमाणे याही वर्षी फोन सुरू झाले आहेत. “ताई, ट्रॅक्टरला पुढे लावायचा स्नोथ्रोअर जुना घेतलाय. बेल्ट तुटलाय, त्यावरचा नंबर पुसून गेलाय. हार्डवेअरच्या दुकानात जवळपास तेवढाच मिळतोय. घेऊ का?”

माझं उत्तर आहे, घेऊ नका. का नको ते फोनवर दर वेळी नीट सांगून होत नाही, म्हणून इथे लिहिते. उपवास, स्वाध्याय, भाजणी आणि लोणची यांच्या रांगेत बेल्ट आणि पुली पाहून काहींच्या भुवया वर जातील. जाऊ देत. ज्या घराच्या अंगणात हे यंत्र चालतं, त्या घरात हा विषय स्वयंपाकाइतकाच घरचा आहे, आणि माझ्या मते धर्माचाही आहे.

आधी धर्माचं बोलते, कारण आक्षेप तिथूनच येतात. आमच्या मंडळात एक काकू म्हणतात, “बर्फ म्हणजे अप्काय. यंत्राने तो असा भिरकावून द्यायचा आणि वर त्याचे धडे द्यायचे?” काकूंचं पहिलं वाक्य अगदी बरोबर आहे. पाणी, दव, गारा, हिम हे सगळे अप्कायिक जीव. फावड्याने ढकला की यंत्राने उडवा, विराधना होतेच. पण आपण श्रावक आहोत, मुनी नाही. संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी अशा चार हिंसांपैकी संकल्पी हिंसेचा आपला पूर्ण त्याग. बाकीच्या तीन मर्यादेत, गरजेपुरत्या, जपून. दारातला बर्फ काढणं हा आरंभ झाला. घरात दम्याचे सासरे आहेत, अँब्युलन्स दारापर्यंत यायला हवी. घरापुढचा फुटपाथ घरमालकाने साफ करायचा असा इथल्या अनेक गावांचा नियम आहे, आणि त्यावरून चालणारी म्हातारी माणसं घसरतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये बफेलोजवळच्या ऑर्चर्ड पार्कमध्ये चार दिवसांत ८० इंचांच्या आसपास बर्फ पडला, तेव्हा फावड्याचा प्रश्नच उरला नव्हता.

शिवाय ज्यांचा रात्रिभोजनाचा त्याग आहे त्यांना हे लगेच समजेल. डिसेंबरात इथे पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. तुम्ही साडेतीनला कामावरून आलात, ड्राइव्हवेच्या तोंडाशी नगरपालिकेच्या नांगराने कमरेइतका ढीग करून ठेवलाय आणि यंत्राचा बेल्ट नुसताच घसरतोय, तर त्या दिवशीचं जेवण गेलंच समजा.

तेव्हा यंत्र चालवणं हा आरंभ. पण त्याला अंदाजाने बेल्ट बसवणं हे वेगळ्या खात्यात जातं. ते खातं प्रमादाचं. रत्नकरंड श्रावकाचार ज्यांनी वाचला आहे त्यांना अनर्थदंडाचे पाच प्रकार आठवतील. त्यातला प्रमादचर्या हा प्रकार मला या संदर्भात नेहमी आठवतो: माती, पाणी, अग्नी, वारा यांना काही गरज नसताना डिवचत राहणं. त्याच यादीत हिंसादानही आहे, म्हणजे ज्याने इजा होईल असं साधन दुसऱ्याच्या हाती देणं. सोडल्यावरही न थांबणारा स्नोथ्रोअर शेजाऱ्याला उसना देणं यात बसतं की नाही, ते तुम्हीच ठरवा.

आता यंत्राकडे.

गार्डन ट्रॅक्टर म्हणजे गवत कापायच्या ट्रॅक्टरचा थोरला भाऊ. त्याला पुढून स्नोथ्रोअर जोडतात. त्यात आडवा फिरणारा ऑगर बर्फ मधोमध ओढतो, आणि दोन टप्प्यांचा असेल तर मागचा इंपेलर, म्हणजे जाड पात्यांचा पंखा, तो बर्फ नळीतून बाहेर फेकतो. ही ताकद ट्रॅक्टरच्या इंजिनाकडून एका व्ही-बेल्टने येते. आपल्याकडे पिठाच्या गिरणीत किंवा गुऱ्हाळावर मोटरपासून घाण्यापर्यंत पट्टा जायचा, तसाच. पण गिरणीचा तो पट्टा सपाट असायचा आणि घसरायला लागला की गिरणीवाला त्याला राळ चोळायचा. कोल्हापूर-सांगलीकडच्या बायकांना तो वास अजून आठवत असेल. व्ही-बेल्टला असलं काही लावायचं नसतं. तो पुलीच्या खाचेत पाचरीसारखा दोन्ही कडांनी अडकतो. सगळी पकड कडांची, तळाची काहीच नाही. ही एक गोष्ट लक्षात राहिली की बाकीचं बरंचसं आपोआप समजतं.

कडांनी पकडायचं म्हणजे रुंदी आणि उतार खाचेशी जुळायला हवेत. इथल्या घरगुती यंत्रांत तीन मापं भेटतात. ३एल हा वरून ३/८ इंच रुंद, ४एल अर्धा इंच, ५एल २१/३२ इंच. अर्धा इंच आणि २१/३२ इंच यांत फरक अगदी थोडा, आणि दुकानाच्या खुंटीवर टांगलेले दोन्ही काळेच असतात. पण ५एलच्या खाचेत ४एल बसवला तर तो खोल जाऊन तळाला टेकतो. कडा सुटल्या की पकड सुटली. मग तो घसरतो, तापतो, त्याच्या कडांना काचेसारखी चकाकी येते आणि जळक्या रबराचा वास सुटतो. उलट ४एलच्या खाचेत ५एल घातला तर तो वर तरंगत राहतो आणि निम्म्याच कडेवर सगळा भार घेतो. योग्य बेल्टची पाठ पुलीच्या काठाशी समतल किंवा किंचित वर दिसते, आणि त्याच्या पोटाखाली थोडी जागा राहते. खाचेचा तळ घासून चकचकीत झाला असेल तर एक तर बेल्ट चुकीचा आहे नाहीतर पुलीच झिजली आहे. झिजलेल्या पुलीवर नवा बेल्ट म्हणजे पैसे बर्फात.

लांबी मोजायला आपली शिवणाची टेप उत्तम. जुना बेल्ट अंगठ्यांवर धरून टेप बाहेरून फिरवा. किंवा बेल्टवर खडूने खूण करून तो जमिनीवर एक पूर्ण फेरा गडगडवा आणि खुणेपासून खुणेपर्यंतचं अंतर मोजा. आता नंबर वाचायचा कसा, तर ‘४एल ४३०’ मधला ४३० म्हणजे ४३.० इंच, बाहेरून. शेवटचा आकडा इंचाचा दशांश. इथवर सोपं आहे. गोंधळ होतो तो ‘ए ४१’ लिहिलेला बेल्ट हातात आला की. ए आणि ४एल यांची रुंदी एकच, पण ए मधला आकडा आतल्या लांबीचा. बाहेरची लांबी त्याहून साधारण दोन इंच जास्त. म्हणजे ए ४१ आणि ४एल ४३० मापाने जवळजवळ एकच, आणि ए ४३ मागवणारी बाई दोन इंच लांब बेल्ट घेऊन येते. बी आणि ५एल यांच्यात हाच फरक तीन इंचांचा. आणि जुना बेल्ट ताणलेला असतो हे धरून चला. त्याचं माप हा अंदाज समजायचा, अंतिम शब्द नव्हे. तुटून तुकडे झाले असतील तर न ताणणारी सुतळी पुल्यांवरून बेल्टच्या वाटेनेच फिरवा आणि ताण देणारी पुली तिच्या सरकण्याच्या मध्यावर धरून मापा. याला दोन माणसं लागतात. मुलांना बोलवा, त्यांना आवडतं.

इथपर्यंत ऐकून बऱ्याच जणी म्हणतात, म्हणजे रुंदी आणि लांबी जुळली की झालं ना? नाही झालं. माझा सगळा आग्रह खरं तर पुढच्या गोष्टीसाठी आहे.

स्नोथ्रोअरच्या बेल्टला दोन कामं असतात: पकडणं आणि सोडणं. काही ट्रॅक्टरांत इंजिनाच्या शाफ्टवर विजेचा क्लच असतो. बटण दाबलं की पुली फिरते, बंद केलं की ब्रेक लागून थांबते, बेल्ट कायम ताठ. पण जुन्या आणि स्वस्त जोडण्यांत क्लचचं काम बेल्टच करतो. लिव्हर ओढली की आयडलर, म्हणजे ताण देणारी मोकळी पुली, बेल्टवर दाबते आणि बेल्ट पकडतो. लिव्हर सोडली की बेल्ट सैल पडतो आणि पंखा थांबतो. थांबायलाच हवा. अनेक मॅन्युअलांत लिहिलेलं असतं की सोडल्यापासून पाच सेकंदांच्या आत.

या दुसऱ्या प्रकारात बेल्ट अर्धा-एक इंच आखूड असेल तर काय होईल? चालवताना काहीच कळणार नाही. उलट मस्त पकडेल, बर्फ लांब जाईल, घरचे म्हणतील नवा बेल्ट झकास आहे. पण सोडल्यावर तो पुरेसा सैल पडणार नाही. पंखा रेंगाळत फिरत राहील.

आमच्या ओळखीच्या एका घरी हेच झालं. बेल्ट ‘जवळपास तेवढाच’ होता, दुकानातल्या माणसाने दिलेला. नळी ओल्या बर्फाने तुंबली. त्या घरच्या दादांनी लिव्हर बंद केली आणि खाली उतरले. ट्रॅक्टरच्या सीटखाली सुरक्षेचा स्विच असतो. स्नोथ्रोअर चालू ठेवून माणूस उठला तर तो इंजिन बंद करतो. पण लिव्हर बंद होती, म्हणून स्विचच्या लेखी सगळं ठीक होतं आणि इंजिन चालू राहिलं. आखूड बेल्ट पंखा फिरवतच होता. त्यांनी नळीत हात घातला. मधल्या बोटाचं एक पेर आणि तर्जनीचं टोक गेलं. ते दादा देवळात दर रविवारी अभिषेकाला कलश धरायचे. आता डाव्या हाताने धरतात.

तुंबलेल्या नळीत हात घालू नये हे त्यांनाही माहीत होतं. इंजिन बंद, किल्ली बाहेर, सगळं थांबेपर्यंत वाट पाहायची आणि मग काठीने ढोसायचं. बंद इंजिनातही नाही, कारण तुंबलेल्या पंख्यावर बेल्टचा ताण साठून राहिलेला असतो आणि बर्फ सुटला की पातं झटका देतं. हे सगळं खरं. पण माणसं थंडीत घाई करतात, आणि त्या घाईतही वाचवायचं काम ज्या गोष्टीचं, ती चुकीच्या नंबराची होती. म्हणून बेल्ट किती घट्ट पकडतो यावर माझा विश्वास नाही. तो सोडतो किती स्वच्छ हे मी आधी पाहते. नवा बेल्ट बसवला की इंजिन बंद ठेवून, स्पार्क प्लगची वायर काढून, लिव्हर बंद स्थितीत ठेवायची आणि स्नोथ्रोअरकडची पुली हाताने फिरवायची. ती बेल्टला न ओढता मोकळी फिरली पाहिजे. मग लिव्हर चालू स्थितीत न्यायची. बेल्ट ताठ झाल्यावरही आयडलरच्या दांड्याला पुढे सरकायला थोडी जागा उरली पाहिजे, कारण बेल्ट पहिल्या तासाभरात थोडा ताणतोच. पुलीभोवती तारेच्या किंवा पत्र्याच्या ज्या अंगठ्या असतात त्या उगीच नसतात. बेल्ट सैल झाला की त्याला पुलीपासून वेगळं धरायचं काम त्यांचं. बेल्ट ताठ असताना त्यांच्यात आणि बेल्टमध्ये साधारण १/८ इंच फट हवी. दुरुस्तीत काढलेल्या या अंगठ्या परत लावायला लोक विसरतात, हे मी अनेक यंत्रांत पाहिलं आहे.

याच कारणाने गाडीचा फॅनबेल्ट मापाला जुळला तरी मला इथे नको असतो. मजबूत असतो, खरं आहे. पण तो सतत फिरण्यासाठी केलेला असतो. कापलेल्या उघड्या कडा, आतून दात, रबर चिकट. पकडला की सोडायला कुरकुरतो. स्नोथ्रोअरसाठी पाहिजे तो कापडाने गुंडाळलेला बेल्ट, आत अरॅमिडचा धागा असलेला, ज्याला क्लचसारखं घसरणं आणि पाठीवर आयडलरचा दाब हे दोन्ही सोसतं. हार्डवेअरच्या दुकानातला स्वस्त हलका बेल्ट भात्याला, पंख्याला, वाळवणाच्या यंत्राला ठीक. इथे तो पहिल्याच जड बर्फात दोरा सोडतो. कंपनीचा असली बेल्ट महाग असतो, आणि त्यावर सगळे चिडतात. मीही चिडते. पण त्याच्या पाकिटावर फक्त लांबी-रुंदीचा हिशोब नसतो, सोडण्याचाही असतो. तो मिळत नसेल तर त्याच जातीचा, त्याच बांधणीचा घ्या, आणि दुकानदाराला ‘क्लचिंगला चालतो का’ हे विचारून घ्या. त्याला उत्तर माहीत नसेल तर दुसरं दुकान.

असली बेल्टचा नंबर शोधणं हीसुद्धा इथे एक साधना आहे. गार्डन ट्रॅक्टर पन्नास-साठ वर्षं चालतात. कंपन्या तेवढ्या चालत नाहीत. कब कॅडेट हा ट्रॅक्टर इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला आणला आणि १९८१ मध्ये तो एमटीडीकडे गेला. व्हील हॉर्स १९८६ मध्ये टोरोने घेतली. प्रत्येक विक्रीत भागांचे नंबर बदलतात. शिवाय एका मॉडेलचा स्नोथ्रोअर दुसऱ्या मॉडेलच्या ट्रॅक्टरला लावलेला असतो, आणि मधल्या कुणीतरी पुली बदललेली असते. म्हणून ट्रॅक्टरचा नंबर, स्नोथ्रोअरचा नंबर आणि प्रत्यक्ष पुल्यांचा व्यास, तिन्ही पाहिजेत. नुसत्या ट्रॅक्टरच्या नावावर बेल्ट मागवू नका.

पुलीचं निघालंच आहे तर तेही बोलते, कारण तिथे पुरुषमंडळींशी माझं कायम भांडण होतं. गॅरेजमध्ये चार जण जमले की कुणीतरी म्हणतोच, “इंजिनाकडची पुली जरा मोठी टाक, बर्फ शेजारच्या गावात जाईल.” हिशोब करून पाहा. इंजिन मिनिटाला ३६०० फेरे फिरतं. इंजिनाकडे ३ इंचांची आणि स्नोथ्रोअरकडे ९ इंचांची पुली असेल तर पंख्याला मिळतात १२०० फेरे. इंजिनाकडची साडेतीन इंचांची केली की १४००. वेग वाढला सतरा टक्क्यांच्या आसपास, आणि फेकायची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे तेवढाच बर्फ फेकायला साधारण ३६ टक्के जास्त ताकद. ती कुठून येणार? इंजिन तेच आहे, बेल्ट तोच आहे, बेअरिंग चाळीस वर्षांपूर्वीची आहेत. पंख्याची पाती कुठल्या वेगासाठी जोडली होती ते बनवणाऱ्याने ठरवलेलं असतं. खडा उडाला तर तोही तेवढ्याच जास्त वेगाने जाणार, आणि समोर कुणाची खिडकी आहे की कुणाचं पोर, हे खड्याला कळत नाही. ड्राइव्हवेच्या कडेपर्यंत बर्फ गेला की आपलं काम झालं. त्याच्या पुढे फेकण्याला मी तरी अनर्थदंड म्हणते. इंजिनावर ताण येत असेल तर ट्रॅक्टर हळू चालवा, पट्टा अरुंद घ्या. पुली मूळ मापाचीच ठेवा, आणि बदलावी लागलीच तर व्यास, शाफ्टचं भोक आणि चावीची खाच तिन्ही जुळवून. पाऊण इंचाच्या शाफ्टला चावी ३/१६ इंचाची लागते, एक इंचाच्या शाफ्टला पाव इंचाची. सैल चावी पत्र्याचा तुकडा घालून घट्ट करणाऱ्याला माझा दुरूनच नमस्कार.

दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत का ते लांब पट्टी लावून पाहा. फुटाला दशांश इंचापेक्षा जास्त फरक नको. जिथे बेल्ट वळण घेऊन आडव्या पुलीवरून उभ्या पुलीवर जातो, तिथे जुना बेल्ट काढायच्या आधी फोनवर फोटो काढून ठेवा, नाहीतर पीळ उलटा पडून पंखा उलटा फिरेल. दोन बेल्ट शेजारी शेजारी चालत असतील तर दोन्ही एकदम बदला. एक नवा एक जुना घातला तर भार सगळा नव्यावर. आणि ऑगरच्या शिअर पिना तुटतात म्हणून त्यांच्या जागी कडक बोल्ट घालू नका, त्या तुटण्यासाठीच असतात.

एवढं सगळं बायकांनी कशाला करायचं, आमचे हे बघतात की, असं म्हणणाऱ्या मैत्रिणी आहेत. बघत असतील तर उत्तमच. पण यंत्र मोडतं ते मंगळवारी दुपारी, ‘हे’ विमानात असताना. आणि खरं सांगू का, मापाच्या कामात आपला हात जास्त बसलेला असतो. ब्लाउजला पाव इंच इकडेतिकडे झालं तर चालत नाही हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. पापड लाटताना जाडी बोटाला कळते. पाणी गाळायचं कापड विरळ झालं की ते उजेडात धरून आपण बदलतो, ‘जवळपास तसंच’ म्हणून वापरत नाही. मग ज्या यंत्रात घरच्या माणसाचा हात जाऊ शकतो, तिथे ‘जवळपास’ कसं चालतं, हे मला कधीच समजलेलं नाही. दुकानातला माणूस बाई पाहून आकडे सांगायला कंटाळतो, हा अनुभव सगळ्यांनाच आहे. आपण आधी आकडे सांगितले की तो नीट बोलायला लागतो.

आणखी एक काम फक्त आपल्यासारख्यांनाच सुचेल, म्हणून मुद्दाम सांगते. उन्हाळाभर हे यंत्र शेडमध्ये पडून असतं. बेल्टच्या कव्हराखाली आणि इंजिनाच्या झाकणाखाली उंदीर घरटी करतात, कोळी जाळी विणतात. हिवाळ्यात पहिल्यांदा किल्ली फिरवण्याआधी कव्हर काढा, बॅटरी लावून बघा. घरटं असेल तर हातमोजे घालून, मास्क लावून, आहे तसं उचलून शेडच्या कोपऱ्यात ठेवा. पिल्लं असतील तर दोन दिवस थांबा. आई त्यांना बऱ्याचदा स्वतः हलवते. बर्फाचा अंदाज आला की हे करायला वेळ मिळत नाही, म्हणून दिवाळीच्या आठवड्यातच करायचं. त्याच वेळी बेल्टच्या कडा, भेगा आणि पुलीचा गंज दिसतो. गंज बारीक सँडपेपरने काढा, पण खाचेत तेल किंवा ग्रीस अजिबात नको.

कव्हर उघडलंच आहे तर एका पुठ्ठ्यावर लिहून ते बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा: बेल्टची जात, बाहेरची लांबी, दोन्ही पुल्यांचे व्यास, शाफ्ट, कंपनीचा नंबर आणि बदलल्याची तारीख. देवनागरीत लिहिलं तरी हरकत नाही, पण आकडे इंग्रजीही लिहा, शेजारी मदतीला आला तर त्याला वाचता आले पाहिजेत.

आणि एक जास्तीचा बेल्ट घरात ठेवावा का, हा परिग्रह नाही का, असं एकीने मागच्या वर्षी विचारलं होतं. बरोबर नंबरचा एक बेल्ट पिशवीत, अंधारात, न मुडपता टांगून ठेवा. त्याला मी परिग्रह म्हणणार नाही. पण गॅरेजच्या खिळ्यावर कुठल्या कुठल्या यंत्रांचे सात बेल्ट लोंबत असतील, एकाचाही नंबर माहीत नसेल आणि ‘कधीतरी जुळेल’ म्हणून ठेवले असतील, तर त्यांना या रविवारी वाट दाखवा. कारण बर्फाच्या दिवशी घाईत नेमका त्यातलाच एक कुणीतरी बसवतो.